बोस्टनहून परत आलेला टुम्बा : एक प्रकरण अभ्यास

१९५७ च्या शरद ऋतूत सव्वीस वर्षांचा एक स्वीडिश खेळाडू अमेरिकेतल्या बोस्टनला गेला. बोस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाने त्याला सराव शिबिरासाठी बोलावलं होतं. युरोपात खेळ शिकलेल्या कुणालाही एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगच्या, शिबिराचं दार तोवर उघडलं नव्हतं. तिकडे असताना कॅनडातल्या क्यूबेक एसेस या संघाकडून तो काही सामनेही खेळला. कराराची दारं खुली होती, पण तो सही न करताच घरी परतला.

त्याचं नाव स्वेन योहान्सन. स्वीडन त्याला ओळखतं ते टुम्बा म्हणून. आइस हॉकी, फुटबॉल आणि गोल्फ या तिन्ही खेळांत तो देशाच्या संघापर्यंत पोचला. असा खेळाडू घडतो कसा, याचं उत्तर बहुतेक लेख 'दैवी देणगी' या दोन शब्दांत उरकून टाकतात. देणगी होतीच. पण माझ्या मते बोस्टनचा तो नकार नीट उलगडला तर हाती जास्त काही लागतं. ज्या व्यवस्थेने त्याला बोस्टनला राहू दिलं नाही, त्याच व्यवस्थेने त्याला इतके खेळ खेळू दिले.

एक खुलासा आधीच करतो. हॉकी म्हटलं की आपल्यापुढे हिरवं मैदान आणि ध्यानचंद येतात. इथे विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे. पायात स्केट, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती म्हणजे पक, मैदानात एका वेळी गोलरक्षक धरून सहा जण आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पुढे 'हॉकी' म्हणेन ती हीच.

गावाचं नाव, आडनावाच्या जागी

स्वेन १९३१ च्या २७ ऑगस्टला स्टॉकहोममध्ये जन्मला आणि शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या टुम्बा या गावात वाढला. स्वीडनच्या नोटांचा कागद अठराव्या शतकापासून याच गावच्या गिरणीत तयार होत आला, एवढीच काय ती गावाची तोवरची ओळख. योहान्सन हे आडनाव स्वीडनमध्ये घरोघरी सापडतं. आपल्याकडे एका वर्गात चार पाटील निघाले की एकाला त्याच्या गावावरून हाक पडते, तसंच इथे झालं. संघात योहान्सन झाले फार, मग हा 'टुम्बाचा'. पुढे त्याने कायदेशीररीत्या टुम्बा हेच आडनाव घेतलं. गावाला 'कर' जोडून आडनाव करणाऱ्या आपल्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही, पण स्वीडनमध्ये ती गोष्ट वेगळीच होती.

१९५० मध्ये तो स्टॉकहोमच्या यूरगोर्डेन क्लबकडून हॉकी खेळू लागला आणि १९६६ मध्ये थांबेपर्यंत तिथेच राहिला. क्लबसाठी आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं, त्यातली सहा १९५८ ते १९६३ अशी सलग. देशासाठी २४५ सामने आणि १८६ गोल. चार हिवाळी ऑलिम्पिक : ओस्लो १९५२, कोर्तिना १९५६, स्क्वॉ व्हॅली १९६०, इन्सब्रुक १९६४. पहिल्यात कांस्य आणि शेवटच्यात रौप्य. १९५३, १९५७ आणि १९६२ अशी तीन जागतिक अजिंक्यपदं, त्यातल्या शेवटच्या दोन स्पर्धांत सर्वोत्तम आघाडीवीर म्हणून निवड. त्याचा पाच क्रमांकाचा शर्ट यूरगोर्डेनने नंतर कुणालाच दिला नाही.

बर्फ वितळलं की फुटबॉल

आता व्यवस्थेकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

स्वीडनमधला क्लब म्हणजे एका खेळाचा संघ नसतो. यूरगोर्डेनच्या एकाच निळ्या छत्राखाली फुटबॉल, हॉकी, बँडी (बर्फावरच, पण पकऐवजी चेंडूने खेळायचा खेळ) असे अनेक विभाग नांदत होते. सदस्यत्व क्लबचं असे. हिवाळ्यात ज्या पोराच्या हातात काठी, उन्हाळ्यात त्याच्याच पायात चेंडू. त्याला कुणी 'बहुआयामी' वगैरे म्हणत नसे. बर्फ वितळलं की करायचं काय, याचं ते साधं उत्तर होतं.

त्यात वेळापत्रकाची साथ होती. स्वीडनची सर्वोच्च फुटबॉल लीग, ऑलस्वेन्स्कान, तेव्हा उन्हाळ्याच्या अखेरीला सुरू व्हायची, थंडी पडली की महिनोन्महिने थांबायची आणि वसंतात उरलेले सामने होऊन संपायची. म्हणजे फुटबॉलच्या हंगामाच्या पोटातच हॉकीचा हंगाम बसत होता. १९५९ पासून लीग वसंत ते शरद अशी एकाच वर्षात खेळली जाऊ लागली, पण हिवाळा तेव्हाही मोकळाच राहिला. दोन पिकं घेणाऱ्या शेतकऱ्यासारखं हे. खरीप आणि रब्बी एकमेकांच्या आड येत नाहीत, जमीन मात्र तीच राबते.

या जमिनीत टुम्बाच्या आधीही पीक आलं होतं. स्वेन बेर्ग्क्विस्ट हा त्याच्या आधीच्या पिढीतला खेळाडू फुटबॉल, बँडी, हॉकी आणि हँडबॉल या चारही खेळांत स्वीडनकडून खेळला. चार! टुम्बाचा समकालीन ओर्वार बेर्गमार्क फुटबॉलचा बचावपटू म्हणून १९५८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेलेच्या ब्राझीलविरुद्ध उतरला आणि बँडीतही त्याने देशाचा शर्ट घातला. तेव्हा टुम्बा हा एकमेव चमत्कार होता असं मानायचं कारण नाही. तो एका रीतीचं सगळ्यात ठळक उदाहरण होता.

फुटबॉलमध्ये तो यूरगोर्डेन आणि हम्मारबी या स्टॉकहोमच्या दोन क्लबांकडून आघाडीला खेळला आणि राष्ट्रीय संघात त्याला एक सामना मिळाला. उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. हॉकीत तो जगातल्या पहिल्या काहींमध्ये होता, फुटबॉलमध्ये देशातल्या चांगल्यांपैकी एक. पण ज्या स्वीडनने १९४८ मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण आणि १९५८ मध्ये विश्वचषकातलं दुसरं स्थान मिळवलं, त्या देशाच्या फुटबॉलमधला हा एक सामना आहे, हे विसरून चालणार नाही.

मॉस्को, मार्च १९५७

बोस्टनच्या बोलावण्यामागे मॉस्को होतं. त्या वर्षी जागतिक स्पर्धा तिथे भरली. आदल्या शरदात सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले होते, म्हणून कॅनडा आणि अमेरिका आलेच नाहीत. शेवटचा सामना स्वीडन विरुद्ध सोव्हिएत संघ. तो लुझ्निकीच्या भल्यामोठ्या लेनिन स्टेडियमवर, उघड्या आभाळाखाली खेळला गेला आणि ५० हजारांहून जास्त लोक थंडीत उभं राहून बघत होते. हॉकीच्या सामन्याला एवढी गर्दी त्यापूर्वी कुणी पाहिली नव्हती.

गुणांचं गणित असं होतं की स्वीडनला बरोबरी पुरेशी होती. सोव्हिएत संघाने चेकोस्लोव्हाकियाशी २-२ बरोबरीत एक गुण घालवला होता, स्वीडन तोवर एकही गुण न घालवता आलं होतं. स्वीडनने २-० आघाडी घेतली, मग यजमानांनी चार गोल चढवले, आणि शेवटच्या भागात पाहुण्यांनी दोन परत करून ४-४ केलं. सुवर्ण स्वीडनला. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी म्हणे दारूचा पेला रिचवताना म्हणायचं लोकप्रिय गाणं गायलं आणि यजमान अदबीने उभे राहिले. स्वीडनमध्ये हा किस्सा आजही चवीने सांगतात.

त्या सोव्हिएत संघात व्सेवोलोद बोब्रोव होता, हा योगायोग मला फार आवडतो. बोब्रोव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत फुटबॉल संघाचा कर्णधार होता आणि १९५६ च्या कोर्तिना ऑलिम्पिकमध्ये हॉकी संघाचा. बँडीही खेळायचा. म्हणजे पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टुम्बा होता. एकाला सैन्याच्या क्लबाने पोसलं, दुसऱ्याला गावगाड्यासारख्या चालणाऱ्या क्लबाने. दोघंही कागदोपत्री हौशीच.

इथे एक खोच काढायलाच हवी. टुम्बाच्या तिन्ही जागतिक सुवर्णांच्या वेळी कुणी ना कुणी बलाढ्य गैरहजर होतं. १९५३ मध्ये कॅनडा आला नव्हता, सोव्हिएत संघ अजून स्पर्धेत उतरलाच नव्हता, आणि राष्ट्राध्यक्ष गोटवाल्ड वारल्यामुळे चेकोस्लोव्हाकियाचा संघ अर्ध्यातून परत गेला. १९५७ चं वर सांगितलंच. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे बर्लिनच्या भिंतीनंतरच्या तणावात पूर्व जर्मनीच्या संघाला प्रवेश मिळाला नाही, म्हणून सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकिया दोघांनी पाठ फिरवली. शीतयुद्धाने स्वीडनला पदकं वाटली, असं कुणी म्हणालं तर मी लगेच भांडायला जाणार नाही. पण यजमानांच्या घरात ५० हजार लोकांपुढे ४-२ अशी पिछाडी भरून काढणं हे कुणाच्या गैरहजेरीने होत नाही. आणि १९६२ मध्ये स्वीडनने कॅनडाला ५-३ असं हरवलं. या देशाला हॉकीत कॅनडावर मिळालेला तो पहिला विजय.

सहीची किंमत

आता बोस्टन. सही केली असती तर त्याच्या हातून काय गेलं असतं, हे त्या काळच्या नियमांत पाहावं लागतं.

खेळाचे पैसे घेतले की तुम्ही व्यावसायिक. व्यावसायिक झालात की ऑलिम्पिक बंद, जागतिक स्पर्धा बंद, राष्ट्रीय संघ बंद. हा धाक पोकळ नव्हता. फुटबॉलमधले नॉर्दाल, ग्रेन आणि लीडहोल्म १९४९ मध्ये इटलीत मिलानकडे गेले तेव्हा स्वीडनने आपल्या या सर्वोत्तम तिघांना राष्ट्रीय संघातून वगळलं आणि १९५० च्या विश्वचषकाला त्यांच्याविना गेलं. बाहेर पैसे घेऊन खेळणाऱ्यांना पुन्हा घेण्याचं शहाणपण घरच्या १९५८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर सुचलं. हौशीपणाचा नियम पूर्णपणे गेला तो १९६७ मध्ये, म्हणजे टुम्बाने हॉकीची काठी ठेवल्यानंतरच्या वर्षी. काही माणसांची वेळ चुकते ती अशी.

दुसऱ्या पारड्यात काय होतं? एनएचएलमध्ये तेव्हा सहाच संघ, म्हणजे शंभर-सव्वाशे जागा, आणि त्यावर जवळपास सगळे कॅनडाचे गडी. पगारही आजच्यासारखे डोळे दिपवणारे नव्हते. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभारायचा प्रयत्न केला आणि त्याला थेट शिकागोला पाठवून देण्यात आलं. खेळही निराळा. युरोपात प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक मारायची मुभा फक्त आपल्या बचावाच्या भागात होती आणि आंतरराष्ट्रीय हॉकीत हा नियम १९६९ पर्यंत टिकला. तिकडे कुठेही, केव्हाही, बर्फाच्या शेवटच्या इंचापर्यंत धडक. उन्हाळ्यात फुटबॉल खेळायचा असेल तर असं अंग तुटवून घेणं परवडत नाही, आणि मुळात व्यावसायिक करारात दुसऱ्या खेळाला जागाच उरली नसती.

स्वतः टुम्बाने राष्ट्रीय संघाचं कारण पुढे केलं, आणि ते खरंच मानायला हवं. मी त्यात एवढीच भर घालीन की तो एका खेळाच्या बदल्यात सगळं देऊन टाकायला तयार नव्हता.

निवड करावी लागणाऱ्या दोन खेळांच्या माणसाची गोष्ट आपल्याकडेही आहे, आणि तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मद्रासचे एम. जे. गोपालन क्रिकेट आणि हॉकी दोन्हीत भारताकडून खेळले. १९३६ मध्ये एकीकडे बर्लिन ऑलिम्पिक होतं, दुसरीकडे क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा. त्यांनी क्रिकेट निवडलं. दौऱ्यात एकही कसोटी मिळाली नाही आणि तिकडे ध्यानचंदचा संघ सुवर्ण घेऊन आला. टुम्बाचा कौल त्यापेक्षा नशीबवान निघाला, पण डाव तसाच अंधारात टाकलेला होता.

त्याच्यानंतर सुमारे सात वर्षांनी, जानेवारी १९६५ मध्ये, उल्फ स्टेर्नर न्यूयॉर्क रेंजर्सकडून एनएचएलमध्ये उतरला. पहिला स्वीडिश. तोही चार सामने खेळून परत आला. १९७३ मध्ये बोर्ये साल्मिंग टोरोंटोला गेला आणि टिकला, तेव्हा कुठे रस्ता झाला. टुम्बाने १९५७ मध्ये सही केली असती तर तो या रस्त्याचा पहिला माणूस ठरला असता, किंवा स्टेर्नरसारखा चार सामन्यांची नोंद होऊन राहिला असता. शक्यता मला दोन्ही सारख्याच वाटतात, आणि स्वीडिश लेखनात पहिलीच तेवढी रंगवली जाते हे खटकतं.

जे नाही ते उभं करायचं

खेळून झाल्यावर खेळाडूचं काय होतं, हा भाग एरवी चार ओळींत संपतो. टुम्बाच्या बाबतीत तो अर्धं आयुष्य व्यापतो.

त्याची सुरुवात खेळत असतानाच झाली होती. १९५९ मध्ये स्वीडनमध्ये टीव्ही नुकताच घराघरांत येत होता. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे जिल्हावार संघ करून त्यांची स्पर्धा टीव्हीवर दाखवायची, ही कल्पना टुम्बाची. तिचं नाव टीव्ही-पुकेन. आडगावचा पोरगा देशाने पाहिला, ही त्यातली गंमत. स्पर्धा अजून चालू आहे आणि तिच्यातल्या उत्कृष्ट आघाडीवीराला टुम्बाच्या नावाचं बक्षीस मिळतं.

मग गोल्फ. स्वीडनमध्ये तेव्हा गोल्फ म्हणजे पैसेवाल्या मंडळींचा बंदिस्त खेळ. कागद गिरणीच्या गावातला उंचापुरा हॉकीवाला त्यात घुसला आणि तिशी ओलांडल्यावर शिकूनही राष्ट्रीय संघापर्यंत पोचला. हॉकीच्या काठीचा फटका आणि गोल्फचा फटका यांत कमरेचं वळण, मनगटं आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकण्याची चाल जवळची असते. हॉकीवाले उन्हाळ्यात गोल्फच्या मैदानावर सापडतात ते उगाच नाही. पण एवढ्यावर कुणी देशाकडून खेळत नाही. रोजचे शेकडो चेंडू मारणं त्याला चुकलं नसणार.

खेळाडू म्हणून तो गोल्फमध्ये मोठा झाला नाही, आणि ते त्याला कळत होतं असं त्याच्या पुढच्या उद्योगावरून दिसतं. त्याने बाजू बदलली. १९७३ मध्ये त्याच्या पुढाकाराने स्कँडिनेव्हियन एंटरप्राइज ओपन सुरू झाली आणि युरोपचे व्यावसायिक गोल्फपटू स्टॉकहोममध्ये येऊ लागले. पहिली स्पर्धा न्यूझीलंडच्या डावखुऱ्या बॉब चार्ल्सने जिंकली. स्टॉकहोमच्या उत्तरेला तळ्याकाठी उल्ना हे मैदान टुम्बाने स्वतः आखलं, ते १९८१ मध्ये सुरू झालं. १९८८ मध्ये हौशी गोल्फची जागतिक सांघिक स्पर्धा, आयझेनहॉवर ट्रॉफी, तिथेच भरली. पुढच्या काळात स्वीडनमधल्या गोल्फ खेळणाऱ्यांची संख्या लाखांवर गेली आणि या देशाने आनिका सोरेनस्टामसारखी अव्वल गोल्फपटू दिली. हे सगळं टुम्बाने केलं असं म्हणणं म्हणजे कोंबड्याने सूर्य उगवला असं म्हणणं. शाळांच्या सुट्ट्या, वाढलेली मिळकत, नगरपालिकांच्या जमिनी आणि गोल्फ महासंघाची चिकाटी यांचा वाटा मोठा असणार. पण गोल्फ हा आपल्यासारख्यांचाही खेळ आहे, हे त्या लोकांना पटवायला ओळखीचा चेहरा लागतो. हॉकीतला टुम्बा सगळ्यांच्या घरातला होता.

या माणसावर टीका करायची तर इथे करता येते. तो जन्मजात विक्रेता होता. प्रत्येक कल्पनेला स्वतःचं नाव, प्रत्येक नावामागे प्रायोजक. हौशीपणाच्या नियमाखाली ज्याला खेळाचा पैसा घेता आला नाही, त्याने नंतर आपलं नाव बाजारात उभं केलं. मला यात ढोंग दिसत नाही, हिशेब दिसतो. बोस्टनला न घेतलेले पैसे त्याने आपल्या अटींवर, आपल्या गावाजवळ मिळवले.

१९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने हॉल ऑफ फेम सुरू केलं तेव्हा पहिल्या तुकडीत त्याचं नाव होतं. तोवर साल्मिंगपासून फोर्सबर्गपर्यंत स्वीडिश खेळाडूंच्या दोन पिढ्या एनएचएलमध्ये नाव काढून बसल्या होत्या, तरी १९९९ मध्ये स्वीडनच्या हॉकीतला सर्वकालीन सर्वोत्तम म्हणून कौल टुम्बालाच मिळाला. १ ऑक्टोबर २०११ ला, ऐंशीव्या वर्षी, तो गेला.

त्याच्या उद्योगांतला सगळ्यात हट्टी उद्योग मी शेवटी ठेवला आहे. सोव्हिएत संघात गोल्फचं मैदान नव्हतं. क्रांतीच्या देशात हा खेळ साहेबी समजला जाई. टुम्बा १९७० च्या दशकापासून मॉस्कोच्या अधिकाऱ्यांच्या मागे लागला होता. तिथे त्याला खेळाडू म्हणून ओळखणारे होते, म्हणून दारं बंद होत नव्हती, पण उघडतही नव्हती. गोर्बाचेव्ह आले तेव्हा ती उघडली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या पश्चिम भागात नऊ होलचं एक छोटं मैदान तयार झालं, सोव्हिएत संघातलं पहिलं. मॉस्क्वा नदी ओलांडून थोडं पुढे गेलं की लुझ्निकीचं स्टेडियम लागतं, जिथे त्याने पंचविसाव्या वर्षी यजमानांना ४-४ वर रोखलं होतं. आता तो पन्नाशीच्या पुढचा होता, आणि रशियन पोरांना काठी कशी धरायची ते दाखवत होता.